रिह्यातली विस्मरणाची साथ

"आजोबा, आज वार कोणता?"

नथूबाबांनी समोरच्या मुलीकडे, तिच्या हातातल्या कागदाकडे आणि कागदाशेजारच्या शाईच्या डबीकडे पाहिलं. "म्हाईत न्हाई."

"बरं, तुम्हाला मुलं किती?"

नथूबाबांनी दारात उभ्या असलेल्या आपल्या एकुलत्या एका मुलाला, किशोरला निरखलं. "ह्यो कोन हाय?"

किशोर गारच पडला. "आबा! सकाळीच तर शिव्या घातल्या मला!"

मुलगी होती बावधनची मृण्मयी. मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होती. उन्हाळी सुट्टीत म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीवर संशोधन करत होती आणि तिच्या वाट्याला रिहे हे गाव आलं होतं.

नथूबाबांचं डोकं तसं ठणठणीत होतं. पण गेल्याच आठवड्यात किशोरनं ओढ्याकाठच्या भातखाचराला फार्महाऊसवालं गिऱ्हाईक आणलं होतं. शेजारच्या कोंडिबाची जमीन गेली, तेव्हाही आधी डॉक्टर आला होता, म्हातारा शुद्धीत आहे असं लिहून गेला होता आणि मग अंगठा झाला होता. आता ही डॉक्टरीण, वर शाईची डबी. नथूबाबांनी ताबडतोब डोकं ठिकाणावरून हलवलं.

युक्ती संध्याकाळी पारावर पोचली. दुसऱ्या दिवशी चौदा म्हाताऱ्यांना मिळून एकही मार्क पडला नाही. धोंडाबाईंनी तर डोक्यावर पदर घेतला आणि मृण्मयीच्या पाया पडत विचारलं, "आत्याबाई, च्या ठिऊ का?"

मृण्मयीनं घाबरून कॉलेजातल्या सरांना फोन लावला. "सर, सत्तरीपुढचं कुणीच शुद्धीत नाहीये! एक आजी मला सासू समजतायत!"

"कुणाला पाणी पिऊ देऊ नकोस!" असं ओरडून स्वानंद सर सकाळीच विहिरीचं पाणी तपासायच्या बाटल्या घेऊन हजर झाले. नथूबाबांनी शर्ट उलटा घालून त्यांचं स्वागत केलं. सरांनी मान हलवली.

"किशोरराव, वडिलांना काहीच समजत नाहीये. आता यांच्या सह्या तुम्हीच करायच्या."

नथूबाबा ताठ झाले. "कुनी?"

"मुलानं."

"गट नंबर एकशेबारा!" नथूबाबा कडाडले. "दीड एकर चार गुंठे! सातबारा माझ्या नावावर हाय! आन् हा किशोर, धा वर्सं भाताच्या चिखलनीला फिरकला न्हाई, आज गुरवारी बरा घरी घावला!"

सरांच्या हातातली बाटली निसटली. किशोर मात्र हरखला. "मॅडम, शुद्धीत हायेत! लगेच लिहून द्या!"

नथूबाबांचा चेहरा उतरला. आपणच आपल्या तोंडानं सापडलो, हे त्यांच्या लक्षात आलं.

"देईन की," मृण्मयी म्हणाली. "पण हा कागद आणि ही शाई आमच्या अभ्यासाच्या संमतीसाठी आहे, जमिनीसाठी नाही. आणि जमिनीचं म्हणाल, तर आजोबा शुद्धीत आहेत म्हणजे त्यांना विचारावं लागणार."

"मला?" नथूबाबांना आता खरा धक्का बसला. "आन् मी नगं म्हनलो तर?"

"तर नाही विकायची."

"येवढंच? आन् तीन दिस मी मीठ समजून साखर खातुया व्हय!"

मग किशोरनं घसा खाकरला. "आबा, विकायची का?"

"न्हाई."

सरांनी कागदावर बरोबरची खूण केली.