महिपतीची रेघ आणि नवसाचा मेंढा

जगातले तीसेक देश आणि अंथुर्ण्याचा महिपती यांचं एका बाबतीत एकमत होतं, आणि महिपती ते कुणालाही विसरू देत नव्हता! मुंबईच्या गोदीत हमाली करताना त्याने भलीमोठी आगबोट एका रेघेपायी अडकलेली पाहिली होती. बोटीच्या अंगावर रेघ असते. माल भरताना ती पाण्याखाली गेली की बोट बंदरातून हलू द्यायची नाही, मग कप्तानाने कितीही थयथयाट करो. हे सगळ्या देशांनी विलायतेत एकत्र बसून ठरवलं होतं. इंग्रजाला तोच कायदा, जपान्याला तोच!

गावी परतल्यावर महिपतीने तो कायदा नीरा नदीवरच्या नावेला लावला. आदल्या वर्षी खच्चून भरलेली नाव भर पुरात उलटली होती. बरीच माणसं गेली, त्यात नाव हाकणाऱ्या गेणू कोळ्याचा सख्खा भाऊही गेला. त्यामुळे लोकांनी निमूट ऐकलं. नावेला पांढरी रेघ आली, आणि ती बुडायला लागली की गावच्या म्हाताऱ्यासुद्धा ओरडायला शिकल्या. महिपती नुसता फुलून गेला होता.

मग श्रावणात पलीकडून निरोप आला. तिकडे महिपतीची बहीण रंगूबाई दिली होती. तिच्याकडे राहायला गेलेले त्याचे वडील, आबा, शेवटच्या घटका मोजत होते आणि लेकाला एकदा बघायचं म्हणत होते. महिपती अनवाणी धावत सुटला. बापावर त्याचा फार जीव. वाटभर तो रडत होता आणि ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

नाव सुटायच्या बेतात होती. महिपतीने आत पाय ठेवला मात्र, सगळी नाव एका सुरात ओरडली, "रेघ बुडाली!"

त्याने पाय मागे घेतला. कुणीतरी उतरा म्हणून त्याने सगळ्यांपुढे हात जोडले. धोंडाबाई सुईण अडलेल्या बाईकडे निघाली होती, तिला उतरवणार कोण? बाकीचे पहाटेपासून ताटकळले होते, त्यांनी माना फिरवल्या. शेवटी त्याची नजर मधोमध उभ्या असलेल्या, त्याच्याहून अंगाने भरलेल्या मेंढ्यावर गेली.

"तात्याबा, ह्यो मेंढा उतरवा."

तात्याबा धनगराने मेंढ्याच्या कपाळावरचा भंडारा दाखवला. बिरदेवाकडे तोंड करून निघालेला मेंढा माघारी फिरवत नाहीत, हे महिपतीलाही ठाऊक होतं.

"आन् ह्यो तुज्याच भैणीचा नवस हाय," तात्याबा कळवळून म्हणाला. "तुजी नि आबाची भेट व्हावी म्हून बोललीया ती. झाली की लगीच कापायचा, म्हून आधीच धाडाय सांगितलाय."

महिपतीने गेणूचे पाय धरले. एवढ्या एका खेपेला रेघ बुडू दे म्हणाला. देश राहिले विलायतेत, इथं कोण बघतंय म्हणाला! गेणूचे डोळे भरून आले, पण त्याने वल्ह्याने नाव काठापासून लोटली.

"माजा भाऊ गेला तवा रेघ नव्हती, महिपती."

नाव गेली. पुराचं पाणी तिला धारेबरोबर खाली ओढत नेत होतं, गेणू तिला कशीबशी वर आणत होता. महिपती काठावर बसून आपल्या हातांनी मारलेली रेघ लांब जाताना बघत राहिला. जन्मात त्याने कुठल्या वस्तूचा इतका तिरस्कार केला नव्हता.

गेणू परत आला तो दुसरं कुणी न घेता, एकट्या महिपतीसाठी. पण पलीकडे पोचेपर्यंत रंगूबाईच्या दारात माणसं जमली होती. तिने भावाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

"आत्ता गेला रं आबा. दारात पावलं वाजली तशी मान उचलून म्हनला, कोन आलं? आमी म्हनलं, मेंढा."

तिरडी बांधायला सुरुवात झाली. तात्याबा मेंढ्याची दोरी धरून अवघडून उभा होता. नवस भेटीचा होता आणि भेट झाली नव्हती, तेव्हा आता मेंढा कापायचा कसा? जाणत्यांनी थोडा विचार केला आणि दोरी सोडायला सांगितली. मेंढा कुंपणाकडे जाऊन पाला खाऊ लागला.

महिपतीच्या रेघेने वाचवलेला तो पहिला जीव.