उमाजीच्या चौकटीतला माणूस

उमाजीच्या तेरवीला फोटोवरचा कागद काढला, तेव्हा धुरपताबाईंनी हंबरडा फोडला आणि मध्येच थांबवला. चौकटीत त्यांचा नवरा नव्हताच.

"हा कोन हाये?" त्यांनी मुलाला, भूपेशला विचारलं.

उत्तर पंगतीतून आलं. "मी हावो, बाई." शेजारच्या गावचा पोचू हातातला घास पत्रावळीवर ठेवून उठला. "मी तं जित्ता हावो!"

उमाजीचा आयुष्यात एकच फोटो निघाला होता, मच्छीमार सोसायटीच्या ओळखपत्रासाठी. कार्ड हातात पडण्याआधीच तो तापानं गेला. तोच फोटो भूपेशनं ब्रह्मपुरीच्या स्टुडिओतून मोठा करून मागवला होता. चौकट घेऊन आलेले गुणवंतराव फोटोग्राफर आता घाम पुसत होते.

"सोसायटीच्या फोटोले गर्दी होती म्हणून दोन कॅमेरे लावले," ते म्हणाले. "मंग फाइलीची वेळ पाहून नावं टाकली. पण कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात एकेक सेकंद लिहिल्या जात नाई, दोन-दोननं लिहिल्या जाते. हे दोघं दोन कॅमेऱ्यांसमोर एका सेकंदाच्या फरकानं बसले, दोघांची वेळ एकच पडली. कॉम्प्युटरले काय समजते, उमाजी कोन अन् पोचू कोन?"

"माह्या बापाचा एकच फोटो," भूपेश म्हणाला, "अन् त्याले एक सेकंद नाई भेटला तुमच्या मशीनमंधी?"

"उद्या दुसरी चौकट देतो ना!"

"तेरवी आज हाये, भाऊ."

"म्हणून तो चौकीदार मले तलावात जाळं टाकू देत नाई!" पोचू एकदम ओरडला. "म्हणते, कार्ड चोरून आनलं."

त्यानं बंडीच्या खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढलं. तिकिटाएवढ्या फोटोत उमाजी उन्हानं डोळे बारीक करून बसला होता. धुरपताबाईंनी कार्ड पदरानं पुसलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"दाढी केली होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या, आणि मग मात्र मनसोक्त रडल्या.

कार्ड तांब्याला टेकवून ठेवलं. हार घातला तर उमाजी पार झाकला जात होता, म्हणून एकच झेंडू तोडून वाहिला. आपलं कार्ड परत मागायचं पोचूचं धाडस झालं नाही. निघताना भूपेशनं ती मोठी चौकट त्याच्या हातात दिली.

परतीच्या जीपमध्ये लोकांनी चौकट पाहून पोचूला सरकून जागा दिली. बोलणं हळू झालं. समोरच्या बाईनं मांडीवरच्या चौकटीला हात जोडले. पोचूच्या तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही.

"चांगला मानूस दिसते बिचारा," ती म्हणाली.

पोचूनं खाली वाकून स्वतःकडे नीट पाहिलं.

"नाई वो बाई," तो म्हणाला. "ठीकठाकच होता."