मास्तरांनी इंजिन उसवलं

टक्!

हा आवाज मास्तरांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. (मास्तर म्हणजे कपडे शिवणारे. शाळेशी त्यांचं फारसं जमलं नाही.) मशीनची सुई खाली आली की खालचा दोरा धरणाऱ्या शटलच्या टोकानं तिच्या शेजारून अलगद निसटायचं असतं. त्या दिवशी दोघांची वेळ चुकली आणि सुई मोडली. शिवण शिकवणारे उस्ताद एवढंच म्हणाले, "यंत्रात वेळ पहिली, ताकद नंतर."

इतक्या वर्षांनी आपल्या जुन्या गाडीतून तोच आवाज ऐकल्यावर मास्तरांनी ती दारातच थांबवली.

"अगं, गाडीचं टायमिंग गेलंय!"

"गाडीचं की तुमचं?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "दुपारी माझी परीक्षा आहे. कशाला हात लावू नका."

परीक्षा लायसनची. मागच्या खेपेला गाडी चौकात बंद पडली आणि त्या नापास झाल्या. मास्तरांची नजर अधू होत चाललेली. आज लायसन मिळालं नाही तर गाडी विकायची, असं ठरलं होतं. म्हणून तर मास्तरांनी आदल्या दिवशी गाडी पुसली, आरसे लख्ख केले, समोरच्या कप्प्यात लागेल न लागेल ते सगळं भरून ठेवलं. आणि आज हा आवाज!

"नुसतं बघतो," मास्तर म्हणाले. (जगातलं निम्मं नुकसान नुसतं बघायला गेलेल्यांनीच केलंय.)

त्यांनी पान्यानं इंजिनाचं वरचं झाकण काढलं, आणि बघतच राहिले. आत एक लांब दांडा, त्यावर अंड्यासारखे उंचवटे. बाजूचं कव्हर काढल्यावर दातेरी पट्टा दिसला. खालचं चाक वरच्या चाकाला त्यानंच बांधलेलं. मास्तरांनी खालचं चाक पान्यानं हळूच फिरवलं. वरचा दांडा वळला. एक उंचवटा खाली झुकला, त्यानं एक झडप दाबली आणि सोडली. मग दुसरी. सगळं पापणी मिटावी इतक्या हलकेच.

"बाई गं!" मास्तरीणबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते त्यांना कळलंच नाही. "आपण भाजी आणायला जातो तेव्हा हे सगळं चालू असतं?"

"आपण वर बसून भांडतो तेव्हासुद्धा."

"एवढ्याशा जागेत एकमेकांवर आदळत नाहीत?"

"झडप खाली येते, ती वर गेली की त्याच जागी पिस्टन येतो." मास्तरांना आपलं स्वयंपाकघर आठवलं. दोन माणसांना अपुरं. पण बायको तापलेला तवा घेऊन वळायची आणि मास्तर नेमके तेव्हाच पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला सरकायचे. जन्मात कधी टक्कर नाही. ते ठरवलं कुणी होतं?

दोन्ही चाकांवरच्या खुणा आपापल्या खाचेसमोर होत्या. म्हणजे सगळं ठीक होतं. पण शिंप्याचा हात खडू मारल्याशिवाय थांबेल कसा? मास्तरांनी चाकांवर आणि पट्ट्यावर रेघा ओढल्या आणि खात्रीसाठी खालचं चाक दोनदा पूर्ण फिरवलं. चाकं जागेवर आली. पट्ट्यावरचा खडू मात्र भलतीकडेच!

"शिवण सरकली!" मास्तर ओरडले. त्यांनी पट्टा सैल केला आणि वरचं चाक खडूकडे फिरवायला घेतलं.

टक्.

हात जागच्या जागी थांबला. झडप पिस्टनला टेकली होती. आणखी जोर लावला असता तर वाकली असती. त्यांनी चाक हळूच मागे घेतलं आणि बायकोला गॅरेजवाल्याला फोन लावायला सांगितलं.

"मास्तर, पट्टा म्हणजे कापड नाही हो!" गॅरेजवाला हसून हसून खोकू लागला. "तो पुढे सरकतच राहतो, त्याच्यावरच्या खुणा इतक्या लवकर परत येत नाहीत. चाकांच्या खुणा खाचेसमोर आणा, पट्टा ताणा, पुन्हा दोन फेरे हातानं. आणि मग कृपा करून घरात जाऊन बसा!"

तसं केलं, झाकणं परत बसवली. किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मास्तरांना इतका आनंद झाला की डोळे पुसताना त्यांनी अख्ख्या तोंडाला काळं फासून घेतलं.

परीक्षेच्या मैदानाकडे जाताना वाटेत पुन्हा आवाज आला. टक टक टक.

"नवी शिवण आहे," मास्तर पडेल आवाजात म्हणाले. "बसायला वेळ लागतो."

मास्तरीणबाईंनी रस्त्यावरची नजर न हलवता गिअर बदलला.

मैदानावर मास्तर उतरले आणि त्यांच्या जागी परीक्षा घेणारे साहेब बसले. गाडी वळली, चढ चढली, मागे आली आणि आखलेल्या रेषेवर थांबली. कुठेही बंद पडली नाही.

"पास!" मास्तरीणबाई खिडकीतून ओरडल्या.

मास्तरांची छाती फुगली. साहेब उतरताच ते पुढे झाले. "साहेब, टायमिंग आज मीच लावलं. आवाज तेवढा अजून थोडा..."

साहेबांनी हातातली डबी त्यांच्या कानाशी नेऊन हलवली.

टक टक टक.

परीक्षेत ऐन वेळी कुणाचं बटण तुटलं तर, म्हणून मास्तरांनीच कप्प्यात ठेवलेली बटणांची डबी. साहेबांनी ती त्यांच्या काळ्या तळव्यावर ठेवली, त्यांच्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं, आणि पुढच्या गाडीकडे चालू लागले.