कमलम्मांनी पुजलेली सायकल

"काका, ह्या सायकलवर बसून तुम्ही स्वतः कधी चढ चढलात का?"

रुद्राणीनं हा प्रश्न विचारला आणि अहमदपुरातल्या त्या सायकलच्या दुकानात पंखा सोडून बाकी सगळं थांबलं. दुकानदार शेषेराव काका गेली बावीस वर्षं सायकली विकत होते. त्यांच्या पोटाचा घेर बघता असलं काही विचारायला आजवर कोणी धजावलं नव्हतं. दारात शिवांगी आणि धम्मप्रिया तोंडावर ओढणी धरून एकमेकींना चिमटे काढत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. "लई हिंमत आली ना तुला? मग विचारून दाखव. एक प्लेट पाणीपुरी!"

शेषेराव काकांनी चष्मा पुसला, पोटाकडे एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बाळा, मी चढलो असतो तर हे राहिलं असतं का?"

पाणीपुरी पक्की झाली.

हिंमत मात्र खरंच आली होती. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीसुद्धा बाकाकडे बघून द्यायची. मग शाळेच्या खो-खोत तिनं एका डावात सहा जणींना बाद केलं, मैदानाभोवती तिच्या नावाचा ओरडा झाला आणि तेव्हापासून तिचा आवाज जो चढला तो उतरलाच नाही. तालुक्याच्या संघासाठी तिचं नाव निघालं. फक्त एक अडचण होती. सराव सोमवारपासून, म्हणजे उद्यापासून, सकाळी साडेसहाला होता आणि खेळाच्या मॅडमनी बजावलं होतं, "साडेसहाला जी मैदानावर नसेल, ती सहा एकतीसला संघात नसेल." रुद्राणीच्या वाडीतून पहिली एसटी निघायची सव्वासातला, आणि तीसुद्धा मनात असलं तर.

म्हणून सायकल. पण नुसती कुठलीही सायकल नाही. घरापासून फाट्यापर्यंत पांदीची खडबडीत वाट, मग खिंडीचा उभा चढ, मग शाळेपर्यंत डांबरी रस्ता. रुद्राणीनं आठवडाभर मोबाइलवर डोकं घालून अभ्यास केला होता. एवढा तिनं भूमितीचा केला असता तर घरात सत्कार झाला असता.

"ही घ्या," शेषेराव काकांनी एक राखाडी सायकल पुढं ओढली. "हायब्रिड. डोंगरातल्या सायकलीसारखं जाड टायर न्हाई, शर्यतीच्यासारखं बारीक पण न्हाई. मधलं. पांदीत घसरत न्हाई अन् डांबरीवर जड जात न्हाई. चढाला गिअर हलका टाकायचा, बस."

"अन् ती पुढं स्प्रिंगवाली?" शिवांगीनं दारातून बोट दाखवलं. "ती लई भारी दिसून राहिली."

"दिसतीच नुसती. चढावर पायडल मारलं की निम्मी ताकद ती स्प्रिंगच खाती."

इथपर्यंत छान चाललं होतं. मग पप्पा बोलले.

पप्पांचं, म्हणजे भुजंगरावांचं, फाट्यावर बी-बियाणांचं दुकान. "हायब्रिड?" ते म्हणाले. "सायकल हाय का ज्वारी? हायब्रिडच्या भाकरीला चव नसती अन् हिला टोपलीसुद्धा न्हाई. ही बघ की!" आणि त्यांनी कोपऱ्यातली एक गुलाबी लेडीज सायकल पुढं घेतली. पुढं टोपली, मागं कॅरिअर, हँडलला झिरमिळ्या. "गिअर-बिअर काही बिघडायचं न्हाई. आयुष्यभर चालंल."

रुद्राणीनं मम्मीकडे बघितलं. मम्मी, म्हणजे सिंधुताई, स्टुलावर बसून एका जुन्या माहितीपत्रकानं वारा घेत होत्या. त्या आशा कार्यकर्त्या. रोज खिंडीपलीकडच्या दोन वस्त्यांवर पायी जायच्या. त्यामुळे बसायला स्टूल मिळालं की त्या सहसा कुठल्याच वादात पडत नसत.

मग रुद्राणीच्या डोक्यात ती थोर कल्पना आली. "पप्पा, दोन्ही चालवून बघते. आधी तुमची. आत्याच्या घराचा चढ हाय ना, तिथपर्यंत जाऊन येते."

"याला म्हणतात समजूतदार पोरगी," पप्पा म्हणाले.

समजूतदार पोरगी बाहेर पडता पडता मैत्रिणींच्या कानात कुजबुजली, "आत्याच्या दारात असा दम टाकते की बघा. आत्या लगेच पप्पांना फोन करती, पोरीला काय झालं म्हणून. आपोआप गुलाबी बाद!"

आत्याचं घर धान्याच्या मोंढ्यामागच्या चढाच्या टोकावर. खरं सांगायचं तर सायकल व्यवस्थित चढली. पण रुद्राणीनं दारासमोर उतरून कमरेवर हात ठेवले, जीभ बाहेर काढली आणि विहिरीतून पाणी उपसल्यासारखे आवाज काढायला सुरुवात केली. नेमक्या ओट्यावर आत्याच्या सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. कमलम्मा. मूळच्या बीदरकडच्या. लातूर जिल्ह्यात पन्नास वर्षं काढूनही त्या घाबरल्या की त्यांच्या तोंडात माहेरचे कानडी शब्द यायचे.

"अय्यो शिवा! काय झालं गं अव्वा?"

"चढत... न्हाई... ही... सायकल," रुद्राणी धापांच्या मधून म्हणाली.

कमलम्मांनी सायकलीवरून डोळे फिरवले. सीटवर अजून पन्नी, चाकांवर कागद. "नवी हाय?"

"हो... नवीच."

"पूजा केली?"

"न्हाई."

"मग कशी चढंल!" कमलम्मांनी कपाळावर हात मारला. "बिनपूजेची गाडी मोंढ्यातनं आणली, रस्त्यानं साऱ्या गावानं बघितली. जा, आत जाऊन पाणी पी."

रुद्राणीला वाटलं, नाटक झकास जमलं. ती आत गेली, आत्यानं पाणी दिलं, वर चिवडा दिला. चिवडा चांगला होता म्हणून तिनं आणखी घेतला. बाहेर फट्ट असा आवाज झाला तेव्हा तिच्या तोंडात तिसरा घास होता.

ती ओट्यावर येऊन बघते तर सायकलचं लग्न लागलेलं. हँडलला झेंडूचा हार. चेनच्या झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. तीन बोटांनी ओढलेली विभूती थेट घंटीवर. सीटची पन्नी काढून, घडी घालून टोपलीत ठेवलेली. दोन्ही चाकांखाली लिंबं, आणि पायरीवर फुटलेला नारळ.

"आजी! हे काय केलं?"

"आता बस. लिंबावरनं चालव. बघ कशी पळती."

"आजी, ही आपली न्हाई! दुकानदाराची हाय! नुसती चालवून बघायला आणली!"

कमलम्मांनी फुटलेला नारळ उचलला. मग त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "आता आपलीच झाली, अव्वा."

आणि मागून आत्या मोबाइल बघत आली. "रुद्रे, फोटो टाकला मी ग्रुपवर. 'भाचीच्या नव्या सायकलची पूजा.' नांदेडच्या काकाचा अंगठासुद्धा आला!"

दुकानात परत येताना रुद्राणीनं हार काढून टोपलीत कोंबला आणि स्वस्तिक ओढणीनं पुसलं. त्यामुळे फक्त एवढंच झालं की स्वस्तिकाऐवजी सगळं झाकण लाल झालं आणि ओढणीही. दारातच धम्मप्रिया नाचत समोर आली. "मानले! तुझे पप्पा मानले! मी त्यांना म्हणलं, काका, हायब्रिड म्हणजे दोन वाणांचं चांगलं तेवढं एकत्र, तुम्हीच तर गिऱ्हाइकाला सांगता. तर म्हणले, हे पटलं. राखाडी घेऊन राहिले!" मग तिची नजर खाली गेली. "हे लाल काय आहे?"

सगळं सांगावं लागलं. शेषेराव काकांनी सायकलभोवती एक फेरी मारली, घंटीवरची विभूती बघितली, टायरला चिकटलेली लिंबाची साल बघितली.

"पन्नी निघाली, ठीक. नवी घातली असती. कुंकूसुद्धा पुसलं असतं. पण नारळ फुटला का?"

"फुटला," रुद्राणी बारीक आवाजात म्हणाली.

"मग भुजंगराव, तुम्हीच सांगा. नारळ फुटलेली गाडी मी परत दुकानात कशी उभी करू?"

"न्हाई हो, कशी करता येईल," पप्पा लगेच म्हणाले. यावर दोघांचं असं एकमत होतं की तिसऱ्याला तोंड उघडायला जागाच नव्हती.

तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला. नांदेडचे काका. "भुजंगा, अभिनंदन! पेढे कुठंयत?" तो ठेवला तोवर वाडीचे सरपंच. त्यांना फोटो कुठून मिळाला हे कळलं नाही, पण ते म्हणाले, पोरीनं रंग छान निवडला. पप्पांनी चौथ्या फोनला आभार मानले आणि राखाडी सायकल हळूच भिंतीला टेकवून ठेवली.

"चल मग. देवाच्या मनात हीच होती."

रुद्राणीनं धावत जाऊन राखाडीचं हँडल धरलं. उद्या साडेसहा. मध्ये खिंड. "पप्पा, ही चढत न्हाई. मला किती दम लागला, आजीला विचारा!"

"बघू," असं म्हणत मम्मी स्टुलावरून उठल्या. त्यांनी ओढणी कमरेला खोचली, गुलाबी सायकलवर टांग टाकली आणि कुणी काही म्हणायच्या आत मोंढ्याच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या. आपल्या मम्मीला सायकल येते हे रुद्राणीला चौदा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पप्पांनाही कोणी सांगितलं नव्हतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

वीस मिनिटांनी मम्मी आल्या. टोपलीत भेंडी आणि एक जुडी मेथी.

"कुठवर गेलतीस?" पप्पांनी विचारलं.

"कमलम्माच्या दारापर्यंत. नमस्कार करून आले."

"चढली?"

"चढली की."

"दम?"

"न्हाई लागला."

सगळे रुद्राणीकडे बघायला लागले. शिवांगी छताकडे बघायला लागली. रुद्राणीचे कान झाकणावरच्या कुंकवाएवढे लाल झाले. दोन महिन्यांपूर्वीची रुद्राणी असती तर इथं रडून मोकळी झाली असती.

"मी नाटक केलं," ती म्हणाली. आवाज थरथरला, पण निघाला. "दम खोटा होता, पप्पा. चुकलं माझं. पण खिंड खोटी न्हाई. तो चढ केवढा अन् खिंड केवढी. मी उद्या वेळेवर पोचले न्हाई तर माझं नाव कटतंय, हे पण खोटं न्हाई."

पप्पा बोलायला लागले, पण मम्मी मध्येच म्हणाल्या, "खिंडीचं मला विचारा. रोज मी तुडवते. ह्या गुलाबीवर तिथं उतरून ढकलावीच लागंल. शेषेराव भाऊ, ती राखाडी द्या जरा इकडं."

"तुम्ही?"

"मीच."

राखाडी सायकल घेऊन गेलेल्या मम्मींना परतायला गुलाबीपेक्षा जास्त वेळ लागला. आल्या तेव्हा केसांचा अंबाडा सुटलेला आणि चेहरा असा की शिवांगीनं गुपचूप फोटो काढला.

"चढावर दोनदा गेले," मम्मी म्हणाल्या. "पहिल्यांदा गिअर टाकायचाच राहिला. दुसऱ्यांदा टाकला. अहो, पायाला कळतसुद्धा न्हाई! हिच्यावर मी दोन्ही वस्त्या तासाभरात करून येईन. गुलाबीचे पैसे माझ्या मानधनातनं देते, पण ही पाहिजेच."

"अन् मी?" रुद्राणी ओरडली.

"दोन दोन सायकली!" पप्पा खुर्चीत बसले. "अन् समजा घेतल्या. पहाटे अंधारात खिंडीतनं पोरगी एकटी जाणार? मला झोप लागंल का?"

रुद्राणीनं राखाडी सायकलीकडे बघितलं, मग गुलाबीकडे, मग पप्पांकडे जरा जास्त वेळ. आणि मग एका डावात सहा जणींना बाद करतानाचा जो चेहरा असतो तो करून ती आई-वडिलांसमोर उभी राहिली.

"पप्पा, मम्मी, माझं ठरलंय. दोन्ही घ्यायच्या. राखाडी सकाळी माझी, शाळा सुटल्यावर मम्मीची. अन् मी काही एकटी जात न्हाई. पप्पा, उद्या पावणेसहाला तुम्ही गुलाबी काढा, खिंड संपेपर्यंत माझ्यासंगं यायचं. दमलात तर खुशाल उतरून ढकला, मी वर थांबते."