कुवेतला गेलेला अंतराळवीर

यंत्र कुठलंही असो, माझ्या हाताखाली आलं की निमूट चालतं! ही फुशारकी नाही. कचेरीतलं सायक्लोस्टाइलचं मशीन साहेबांच्या लाथेलाही दाद देत नव्हतं, ते मी नुसती फुंकर मारून सुरू केलं. रत्नागिरीतल्या आमच्या आळीत सात घरांच्या अँटेना मी फिरवल्या आणि सातही पडद्यांवर मुंग्यांच्या जागी माणसं दिसायला लागली. बाकी आयुष्यात मी काही केलेलं नाही. बावीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसलोय. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. संध्याकाळी घरी पोचतो तेव्हा चप्पल काढण्याइतकंही त्राण अंगात नसतं. आमची हौसा विचारते, "बसून बसून कसले दमता हो?" तिला काय सांगणार! उभं राहून आलेला थकवा बसून जातो. बसून आलेला कसा घालवायचा?

तर सत्त्याऐंशी सालच्या जानेवारीत शेजारच्या सुलेमाननं कुवेतहून कॉम्प्युटर पाठवला.

सुलेमान तिकडं बंदरावर क्रेन चालवतो. दोन वर्षांतून एकदा महिनाभर सुट्टी. इथं घरात त्याची बायको सकिनाभाभी, कॉलेजात जाणारी मुलगी नसीमा आणि ऐंशी वर्षांचे वडील. वडिलांना सगळी आळी बाबाजी म्हणते. सुलेमानचा चुलतभाऊ करीम तिकडं कुवेतला त्याच्याच खोलीवर राहतो. तो सुट्टीवर आला, त्याच्या सामानातून हे यंत्र उतरलं. दिसायला टाइपरायटर, पण कागद घालायला जागाच नाही! एक वायर टीव्हीला, दुसरी टेपरेकॉर्डरला. घरात कोणाला उमजेना, म्हणून अर्थातच मला बोलावणं आलं.

मी वायरी जोडल्या. बरोबर आलेली कॅसेट लावली. गाणं नाही, बोलणं नाही, नुसती किंचाळी! मांजरीच्या शेपटीवर कोणी पाच-सहा मिनिटं पाय देऊन उभं राहावं तशी. बाबाजी कानात बोटं घालून अंगणात गेले. मग आवाज थांबला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: सन २४९९.

तो खेळ होता. पांढरा पोशाख घातलेला एक इवलासा अंतराळवीर कुठल्यातरी ग्रहावर धावतो. वाटेत खड्डे, यंत्रमानव, आगीचे गोळे. आपण फक्त एक लांबडं बटण दाबायचं, की तो उडी मारतो. तीन जीव. तिन्ही गेले की पुन्हा पहिल्यापासून.

नसीमानं तीन दिवसांत तो सोडला. "काका, ह्यो नुसता पळतोच. पोचत कुठंच नाय!"

"अगं, पोचायचंय कोणाला?" मी म्हटलं.

खरं सांगू का? मला तो माणूस आवडला होता. मी बसलेला, तो धावणारा. मी बोट हलवलं की तो उडी मारणार. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सांगण्यावरून पट्टेवाल्यानंसुद्धा कधी उडी मारलेली नाही! मी रोज संध्याकाळी कचेरीतून थेट सकिनाभाभींकडं जायला लागलो. म्हणायला नसीमाला कॉम्प्युटर शिकवायला. नसीमा आत अभ्यास करायची, भाभी चहा-बटर आणून ठेवायच्या आणि मी २४९९ सालात. दहा हजार गुणांचं शिखर समोर दिसत होतं. नऊ हजार सहाशे चाळीसपर्यंत पोचलो होतो!

आता करीम परत कुवेतला जायच्या आदल्या दिवसाची गोष्ट. ती सांगण्याआधी एक रीत सांगायला हवी. सकिनाभाभींना लिहिता येत नाही. नसीमा लिहू शकते, पण नवऱ्याला सांगायचं ते पोरीच्या हातानं कसं लिहून घ्यायचं? म्हणून आमच्याकडं आखातातल्या माणसांना पत्र जात नाही, कॅसेट जाते. बायको टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलते, जाणाऱ्या माणसाबरोबर कॅसेट पाठवते. नवरा ऐकतो, त्याच कॅसेटवर उत्तर बोलतो, येणाऱ्या माणसाबरोबर परत पाठवतो. हे मला ठाऊक नव्हतं? होतं! आळीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी खेळाची कॅसेट अडखळायला लागली.  ही तुटली तर माझे नऊ हजार सहाशे चाळीस? ताबडतोब नक्कल काढायला हवी! मी घरून आमचा छोटा टेपरेकॉर्डर आणला.

"भाभी, एखादी कोरी कॅसेट आहे का?"

भाभी मागच्या दारी बांगडे साफ करत होत्या. तिथूनच ओरडल्या, "कपाटात बघा, महिपतभाऊ!"

कपाट चार पावलांवर होतं. चार! पण दिवसभर शिक्के मारून मी असा गळालेलो की ती चार पावलं मला देवरुखाइतकी लांब वाटली. आणि टीव्हीवर, हाताशीच, एक कॅसेट पडलेली होती. वर नाव नाही, गाव नाही. म्हटलं, हीच की कोरी!

दोन्ही टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून ठेवले. इकडं खेळाची कॅसेट वाजवली, तिकडं रेकॉर्डचं बटण दाबलं. "कोणी आवाज करायचा नाही!" असा घरभर हुकूम सोडला. खेळ कॉम्प्युटरात आधीच भरलेला होता. सहा मिनिटं नुसतं बसून काय करायचं? मी खेळायला लागलो.

दुसऱ्या संध्याकाळी माझी नक्कल शोधायला गेलो तर टीव्हीवर ठेवलेली कॅसेट नाही.

"ती?" भाभी म्हणाल्या. "ती तर करीम घेऊन गेला. त्यांच्यासाठी बोलून ठेवली होती ना मी! पयली चार वाक्यं ऐकून बघितली, आवाज बरा आला, म्हणून तिथंच बंद करून ठेवली."

 म्हणजे पहिल्या चार वाक्यांपुढं भाभींचं बोलणं पुसून मी तिथं मांजर भरली होती!

"महत्त्वाचं काही होतं का?"

"नाय ओ. नसीमाच्या लग्नासाठी पाळलेला बोकड पान लागून, साप चावून मेला नाय का, ता सांगितलं. आणि लग्नाची तारीख ठरली, चौदा मे. नवरामुलगा बोटीवर, तो मेमध्येच उतरणार. तर त्यांना म्हटलं, तुमची सुट्टी मेपर्यंत जपून ठेवा, त्याआधी काय पण झालं तरी येऊ नका, एवढंच."

मी तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मग रडारड, तार करायला जाणं, रांगेत उभं राहणं... माझ्या पायांनी आधीच नकार दिला. म्हटलं, किंचाळी ऐकेल, कॅसेट बिघडली म्हणेल, चार शिव्या घालेल आणि पत्र पाठवून विचारेल. मी चहा प्यालो आणि खेळायला बसलो.

नवव्या दिवशी सकाळी आळीत रिक्षा थांबली. सुलेमान उतरला. दाढी वाढलेली, डोळे लाल, हातात एकच पिशवी. बाबाजी अंगणात सुपारी कातरत बसले होते. सुलेमाननं त्यांच्याकडं पाहिलं आणि पिशवी सोडून मटकन खालीच बसला.

"काय रे, लवकर सुटी मिळाली?" बाबाजींनी विचारलं.

सुलेमाननं त्यांना अशी मिठी मारली की अडकित्ता एकीकडं आणि सुपारी दुसरीकडं!

"बाबा! तुमी जिते?"

"मेल्या, मग कोण बसलंय हितं? सुपारी सांडलीस!"

आळी गोळा झाली. सकिनाभाभी, नसीमा, हौसा, पलीकडची गंगुबाई, सगळे. मीही गेलो, गर्दीच्या मागं. सुलेमाननं पिशवीतून कॅसेट काढली आणि ओटीवरच्या टेपरेकॉर्डरात घातली.

आधी भाभींचा आवाज. "अस्सलाम आलेकुम. तुमी आधी बसून घ्या. वाईट खबर हाय. दिल घट करून ऐका."

मग किंचाळी. आणि किंचाळीच्या वर, स्पष्ट, खणखणीत, माझा आवाज!

"अरे सांभाळ, सांभाळ! गेला! खड्ड्यात गेला! ... नाही, अजून आहे, एक जीव शिल्लक आहे! ... धाव रे म्हाताऱ्या, धाव! ... मेला! मेला रे मेला! संपलं सगळं!"

मग एक लांब उसासा. तोही माझाच. आणि किंचाळी थांबल्यावर पुन्हा भाभी: "...विहिरीपलीकडं पुरला. मी रोज तिकडं बघतंय नि रडतंय. खुदा हाफिज."

 यंत्रं तोंडाला तोंड लावून ठेवली की खोलीतला आवाजही त्यात जातो, हे मला तेव्हा कळलं. अशी काढलेली नक्कल कॉम्प्युटर मुळात घेतच नाही, हेही नसीमानं नंतर सांगितलं!

"खोलीत बाराजण ऐकायला बसलो होतो," सुलेमान म्हणाला. "सगळे आपलेच गाववाले. एक म्हणला, बाबाला विहिरीपलीकडं कशाला पुरला? दुसरा म्हणला, कबरस्तानची वाट बंद असेल. महिपतभाऊ एवढा रडतोय म्हणजे खरंच हाय! करीम सांगत होता, मी निघालो तेव्हा म्हातारा ठणठणीत होता. आम्ही म्हटलं, तू निघाल्यावर गेला, आणि मग आम्हाला हेही सुचेना की तसं असेल तर कॅसेटीत कसा आला! वाण्याच्या दुकानात दोन दिवस फोन लावला, लागला नाय. तार केली."

(तार आली. त्याच्यानंतर दोन दिवसांनी.)

"म्हातारा कोणाला म्हणलास रे?" बाबाजींनी मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. अंतराळवीर, खड्डा, तीन जीव, चार पावलांवरचं कपाट. सांगताना मलाच ते इतकं बावळट वाटत होतं की मध्येच थांबलो. गंगुबाई पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मग बाबाजी हसले. सुलेमानही हसला, हसता हसता त्यानं डोळे पुसले. मलाही जरा धीर आला.

हसल्या नाहीत त्या सकिनाभाभी.

"सुट्टी?" त्यांनी विचारलं.

सुलेमानचं हसू गेलं. "दहा दिवस दिलेत. महिन्याची सगळी सुट्टी कापून."

"म्हणजे चौदा मेच्या निकाहाला?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. पुढं ढकलावं म्हटलं तर सुलेमानला दोन वर्षं सुट्टी नाही, अलीकडं आणावं म्हटलं तर नवरामुलगाच समुद्रात! नसीमा उठून आत गेली. भाभी माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून बाबाजींची सांडलेली सुपारी वेचायला घेतली, एकेक खांड. मला लाज वाटली. सरळ सांगतो, तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दहा दिवस सुलेमान पोरीच्या मागंमागं फिरला. शेवटच्या संध्याकाळी त्यानं मला हाक मारली. "महिपतभाऊ, तो धावणारा दाखव तरी! ज्याच्या मयताला मी आलो." मी खेळ लावून दिला आणि लांब उभा राहिलो. सुलेमानचा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला. बाबाजी ओरडले, "मेला!" नसीमा खदखदून हसली, बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून. सकाळच्या गाडीनं तो गेला.

मे महिन्यात मी काय केलं ते विचारू नका. मांडव मी घातला. तांदळाची पोती मी उतरवली. वऱ्हाड खेडहून यायचं, त्यांची यष्टी घाटात बंद पडली, तर दुसरी मिळवायला डेपोत चार तास मी भांडलो. नवा बोकड शोधायला तीन गावं पायी फिरलो, आणि सापडला तो माझ्यापेक्षा ताजातवाना असल्यामुळं मला ओढत रत्नागिरीत घेऊन आला! बापानं करायचं ते सगळं मी केलं. फक्त निकाहाच्या वेळी बापाच्या जागी बाबाजी बसले, ते मला काही करता येण्यासारखं नव्हतं. भाभी माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या.

नसीमा सासरी गेली. चार दिवसांनी भाभी आमच्या दारात आल्या. मी नुकताच कचेरीतून येऊन बसलो होतो.

"भाऊ, कागद-पेन घ्या. त्यांना कॅसेटीचा भरवसा राहिला नाय, चिठ्ठी लिहा म्हणतात. नसीमा नाय आता. तुमीच लिहायचं."

घेतलं. दिवसभर तेच केलेलं असतं, त्यात आणखी चार पानं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. मांडव कसा होता, कोण कोण आलं, पोरीनं निघताना कोणाच्या गळ्यात पडून किती रडून घेतलं. ते लिहिताना माझंच पेन थांबत होतं. मग भाभी म्हणाल्या, "लिहा, महिपतभाऊनं लय राबणूक केलान."

मला बरं वाटलं. मी हळूच विचारलं, "पुढं लिहू का, की माफ केलं म्हणून?"

भाभींनी लिहिलेली पानं मोजून बघितली.

"आताच नको. ते पुढच्या सुटीला आले की बघू."

"पुढची सुट्टी कधी?"

"दोन वर्षांनी. तोवर दर शुक्रवारी येत जाईन मी. आणि भाऊ, अक्षर जरा मोठं काढा. तिकडं बाराजण वाचतात."