डावा कोपरा

इंजिनियर दिवसभर काळ्या रंगाच्या खोलीत एकटाच बसायचा. डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर चष्म्यातलं चित्र मधोमध लखलखीत आणि कडांना मलूल दिसे. ते सगळीकडे सारखं उजळ करायचं, हे त्याचं काम. खोलीत बाहेरचा उजेड चालत नसे, त्यामुळे माणसंही फिरकत नसत. सकाळी वॉचमनला "काय, बरं ना?" आणि संध्याकाळी "चला, येतो", एवढंच त्याचं बोलणं. त्या एकटेपणाला तो अगदी विटला होता.

एकदाचं चित्र जमलं. साहेबांनी लगेच पाहुणे बोलावले. पाहुण्यांनी चष्मा चढवला आणि दचकून मान वळवली.

"डावीकडे कोण उभंय?"

साहेबांनी स्वतः घालून पाहिला. "अहो, डावा कोपरा पार काळा आहे!"

इंजिनियरने घातला. "मला तर झकास दिसतंय."

साहेबांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, बहुधा नोकरीवर ठेवल्यापासून पहिल्यांदाच.

"तुमचं नाक वाकडं आहे?"

"लहानपणी झोपाळ्यावरून पडलो होतो."

चष्मा त्याच्या नाकावर तिरपा बसे, आणि घालून बघायला दुसरं कोणी नसल्यामुळे त्याने सगळा उजेड स्वतःच्या नाकाबरहुकूम वाटला होता.

"आता कंपनीतल्या एकूण एक माणसाला बसवा," साहेब कडाडले. "सगळ्यांना सारखं दिसलं पाहिजे!"

मग काय, खोलीपुढे रीघ लागली. वॉचमन आला, ड्रायव्हर आला, साहेबांच्या सासूबाईसुद्धा आल्या. "यात जावई दिसत नाहीत. छान आहे," म्हणाल्या. इंजिनियर इतकं बोलला की त्याचा घसा बसला.

काम संपलं. सगळ्यांना चित्र एकसारखं दिसू लागलं, फक्त त्याला सोडून. रीघ आटली आणि खोली पुन्हा गप्प झाली. ती आता पूर्वीपेक्षा जास्त खायला उठे.

येत राहिल्या त्या फक्त हिशेबनीस बाई. त्या दुपारी आपल्या टेबलाशी एकट्याच जेवत.

"डावा कोपरा अजून जरा काळपटच आहे हो."

त्याने पुन्हा मोजलं, उजेड बरोबर होता. तरी थोडा वाढवला. दुसऱ्या दिवशी बाई हजर, तक्रार तीच. त्या दिवशीही त्यांनी चष्मा चढवला, मान तिरपी केली, बराच वेळ निरखून पाहिलं.

"बघा ना, कोपऱ्यात अंधार आहेच. बाकी मस्त."

इंजिनियर तोंड उघडणार, एवढ्यात त्याला चष्म्याची वायर दिसली. ती जोडलेलीच नव्हती, त्याच्याच मांडीवर पडली होती. चष्मा चालूच केला नव्हता.

त्याने वायर हळूच टेबलाखाली सरकवली.

"हो ना," तो म्हणाला. "भारी हट्टी कोपरा आहे. उद्या परत बघू. वेळ लागेल, डबा इथेच घेऊन या."