पंचेचाळीस हजार तासांची झोप

काकूंच्या गाण्याने माणसाला झोप लागते, हा शोध काकांनी लग्नानंतर लगेचच लावला होता. पण तो आकडेवारीने सिद्ध करायची वेळ आता आली.

काकूंचं ज्येष्ठांचं गायनमंडळ रोज संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये देवाची गाणी म्हणायचं. तोच हॉल आता टेबल टेनिसवाल्यांनी मागितला होता. हॉल कुणाला द्यायचा हे ठरवणारे साहेब काकूंना म्हणाले होते, "गाण्याने फायदा काय होतो? आकड्यांत दाखवा. नाहीतर सोमवारपासून तिथे चेंडू उडतील."

काकूंनी मंडळातल्या एकेकाला गाठून विचारलं, आधी झोप किती, आता किती. उत्तरं स्वतः संगणकावर तक्त्यात भरली आणि पुतणीच्या स्वाधीन केली. पुतणी नुकतीच सांख्यिकी शिकू लागली होती, म्हणजे आत्मविश्वास पूर्ण आणि अभ्यासक्रम अपूर्ण. तिने तक्ता प्रोग्रॅममध्ये घेतला, सरासरी मागितली. प्रोग्रॅमने कळवलं, या रकान्यात एकही आकडा नाही.

"आकडा नाही? डोळे फुटले का त्याचे?" काकू म्हणाल्या.

"काकू, तू आकडे मराठीत टाइप केलेस. त्याला ती अक्षरं वाटतायत."

"मग आमची माणसं काय इंग्रजीत घोरतात?"

"आणि आधीच्या झोपेच्या रकान्यात हे काय? 'डोळ्याला डोळा नाही.' 'नुसती कूस बदलतो.' 'सुनेला विचारा.' याची सरासरी कशी काढू?"

"त्यात काढायचंय काय? सरासरी सगळे जागे!"

देवाचं बरं असतं. बोबडं बोललं, सूर चुकला, तरी तो भाव बघतो. संगणक भाव बघत नाही, प्रकार बघतो. अंक तो अंक, अक्षर ते अक्षर. आणि मधलं काही दिसलं की विचारत नाही, आपल्या मनाने अर्थ लावून मोकळा होतो.

पुतणीने सगळे आकडे इंग्रजीत टाइप केले. आता म्हातारी माणसं झोपेचा एकच आकडा कधी सांगत नाहीत. "होत असेल पाच-सहा तास," असंच सांगतात. पुतणीने पाच, आडवी रेघ, सहा असं टाइप केलं. संगणकाने त्याचं पाच जून केलं. चार-पाचचं चार मे केलं. आणि संगणक तारीख मनातल्या मनात, सन एकोणीसशेपासून किती दिवस झाले, अशा भल्यामोठ्या संख्येत साठवतो. पुतणीने सरासरी मागितली, यावेळी ती निमूट आली. साहेबांनी दिलेली वेळ झालेली. न वाचताच कागद छापून दोघी धावल्या.

साहेबांचे डोळे नेहमीसारखे लाल होते. रात्री झोप येत नाही म्हणून ते शिपायाला घरी फोन करून विचारत, कपाटाला कुलूप लावलंस का. त्यांनी कागद वाचला. मग कॅल्क्युलेटर ओढला.

"गायनाआधीची झोप, माहिती उपलब्ध नाही. गायनानंतरची झोप, सरासरी पंचेचाळीस हजार आठशे तास." त्यांनी बटणं दाबली. "काकू, ही पाच वर्षांहून जास्त झाली."

"गाण्यात ताकद असते, साहेब," काकू पापणी न हलवता म्हणाल्या.

पुतणीने मात्र कागद ओढून घेतला. "साहेब, चुकलं! ते तास नाहीत, तारखा आहेत. पाच-सहाचं पाच जून झालंय!"

"मग खरी झोप किती?"

"पाच-साडेपाच तास."

साहेबांच्या हातातला कॅल्क्युलेटर खाली आला.

"सलग?" त्यांनी हळूच विचारलं.

"मध्ये एकदा उठतात पाणी प्यायला," काकू म्हणाल्या.

"हे बघा, पाच वर्षं मी मान्य केली असती. कागदावर काहीही बसतं. पण साडेपाच तास? सलग? ही शुद्ध थाप आहे. मी स्वतः पाहणी करणार. पटलं तर तिथेच सही."

संध्याकाळी साहेब हॉलमध्ये आले. शेवटच्या खुर्चीत ताठ बसले. परवानगीचा कागद मांडीवर, पेनाचं टोपण काढलेलं. काकूंनी सूर लावला. पहिल्या कडव्याला साहेबांनी मान डोलावली. दुसऱ्याला सही करायला घेतली. पहिलं अक्षर नीट उमटलं, दुसरं तिरकं झालं, आणि तिथून निघालेली रेघ कागद ओलांडून थेट पँटवर गेली. साहेब घोरू लागले, तेही सुरात.

तेवढ्यात टेबल टेनिसवाले जाळी घेऊन जिना चढून आले. दारातल्या शिपायाने ओठांवर बोट ठेवलं. "हळू! साहेबांची पाहणी चालू आहे."

"मग आम्ही कधी यायचं?"

शिपायाने काकूंकडे पाहिलं. पुतणी रडकुंडीला आली होती. "काकू, सही तर अर्धीच राहिली! आता?"

"आता त्यांचं नाव तक्त्यात घाल. गाण्यानंतरची झोप लिही आठ-दहा तास. चेहरा बघ, त्याआधी हलायचे नाहीत."

पुतणीने सोबत आणलेल्या लॅपटॉपवर टाइप केलं आणि कपाळावर हात मारला. "परत तेच! आठ ऑक्टोबर झालं."

काकूंनी चष्मा सावरून पडद्यावर पाहिलं, मग खुर्चीतल्या साहेबांकडे, मग दारातल्या जाळीकडे.

"राहू दे, खोडू नकोस," त्या म्हणाल्या आणि शिपायाकडे वळल्या. "सांग त्यांना, आठ ऑक्टोबरनंतर या."

आणि त्यांनी पुढचं गाणं धरलं. जरा हळू आवाजात.